शेवंताताईने वाढलेली पंगत

खाल्लेलं सगळ्यांच्या अंगी लागतं, मग माझ्या शेवंताताईच्याच का लागलं नाही? ती वाळत गेली तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, आईला विचारलं.

ताईची जीभ मात्र शेवटपर्यंत धारदार होती. गावच्या भंडाऱ्यात बायका पहाटेपासून उपाशीपोटी रांधायच्या आणि पुरुष उठल्यावर त्यांना तळाची खरवड मिळायची. एका वर्षी ताई पंगतीसमोर जाऊन म्हणाली, "आज बायका आधी बसतील."

सरपंच दौलतराव गरजले, "आम्ही गावाचं तोंड आहोत, पोरी! घास आधी तोंडातच जातो."

"खरंय, काका." ताईने त्यांच्या पत्रावळीवर लाडू ठेवला. "घाला तोंडात. फक्त गिळू नका."

"न गिळता पोट कसं भरेल?"

"तेच म्हणते! तोंडाने चावून पुढे पाठवायचं असतं. अंगी लागतं ते आतड्यांत. गावाची आतडी तिकडे चुलीपाशी रिकामी बसलीत. उठा, पाठवा पुढे!"

अख्खा मांडव हसला. सरपंचांना उठावंच लागलं.

परवा ताईच्या तेराव्याला पुरुष आधी पानावर बसले. मी सगळ्यांना उठवलं, बायकांना बसवलं आणि त्यांना पोटभर वाढलं.