न उतरलेला रंग

एका राज्यात केरोबा नावाचा रंगभूषाकार होता. राजाच्या नाटकघरात तो नटांना रंग लावी. त्याच्या बोटांत जादू होती. उगाच कौतुकाने म्हणत नाही, खरोखरीची जादू होती. त्याने सफेदा फिरवला की म्हातारा नट तरणा होई, मिशी रेखली की भित्र्याच्या अंगी सेनापती येई. मात्र त्या विद्येला एक नेम होता. ज्याने रंग चढवला त्यानेच तो उतरवायचा, आणि ज्या दिव्याच्या उजेडात चढवला तो दिवा विझण्याआधी उतरवायचा. नाहीतर रंग कातडीत मुरे आणि सोंग खरे होई.

धाराजी हा त्याचा बालमित्र नाटकात राक्षस होई. रंग लावायच्या वेळी तो रंगपटात, नट सजत त्या खोलीत, केरोबासमोर मांडी घालून बसे, डोळे मिटे आणि हनुवटी वर करी. खेळ संपला की रंग पुसून घ्यायला पुन्हा तसाच बसे.

एकदा खेळ संपतो न संपतो तोच राजाचा भालदार आला. म्हणाला, "परदेशचे दूत आले आहेत. महाराजांना तरुण दिसायचे आहे. आत्ताच्या आत्ता चल."

केरोबाचे पाय जमिनीला लागेनात. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी!

"धाराजी, बसून राहा. हा आलोच मी."

"दिव्यात तेल थोडे आहे, गड्या. लवकर ये."

केरोबाने राजाला तरणा केला. राजाने त्याला पंगतीत शेजारी बसवले, हातात सोन्याचे कडे घातले. जिलेबीच्या ताटावर केरोबाला रंगपटातला दिवा आठवला. आठवला, तरी तो उठला नाही. राजाने रोज रंग लावायला त्याला महालातच ठेवून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी नाटकघरात जायची लाज वाटली. आज जातो, उद्या जातो म्हणता म्हणता लाज वाढत गेली आणि वर्षे लोटली.

इकडे दिवा विझला आणि धाराजी राक्षस झाला. लोकांनी दगड मारून त्याला डोंगरात हाकलले. त्याच्या डरकाळीने दारांच्या कड्या निखळत. बाजार ओस पडला, नाटकघराला कुलूप लागले. अखेर राजाने दवंडी पिटवली, "पौर्णिमेला धनुर्धर घेऊन राक्षसाचा वध करू."

दवंडी केरोबानेही ऐकली. तेवढ्यात रंगपटाच्या वळचणीला राहणारी साळुंकी महालाच्या खिडकीत येऊन बसली.

"केरोबा, तुझा मित्र मरणार."

"रंग उतरेल का, साळुंके?"

"तीन गोष्टी लागतील. डोंगरातल्या चेटकिणीचे तेल. शापित पेटीतले वस्त्र. आणि रंगाखालचा चेहरा तुला दिसला पाहिजे. तो न दिसता पुसशील, तर रंगाबरोबर चेहराही पुसला जाईल."

"त्याचा चेहरा मी विसरेन होय?" केरोबा म्हणाला.

तो निघाला. चेटकिणीने तेलाच्या बदल्यात कडे मागितले. ते त्याने हसत दिले. शापित पेटी गुहेत होती. जो तिच्यातून काही घेई, त्याचे सर्वांत अभिमानाचे ती ठेवून घेई. केरोबाने वस्त्र उचलले आणि त्याच्या डोळ्यांतले रंग गेले. हिंगूळ, काजळ, पिवडी, सगळे त्याला एकसारखे राखेचे दिसू लागले. रंगभूषाकाराचे याहून काय जायचे उरते?

तिसरे काम सोपे, म्हणून तो निश्चिंत होता. पण वाटेत धाराजीचा चेहरा आठवू गेला, तर आठवेना. लाल भुवया आठवल्या, काळे ओठ आठवले. जे आठवे ते त्याने स्वतःच रंगवलेले होते. जन्मभर समोर बसलेला माणूस त्याने कधी पाहिलाच नव्हता. केरोबा वाटेतच बसला आणि ढसढसा रडला.

पौर्णिमेच्या पहाटे शिखरावर राक्षस त्याच्या अंगावर धावून आला. मागून धनुर्धर चढत होते. केरोबाने पेटीतले ते वस्त्र झटकले, जसे रंगपटात फडके झटकायचा. तो आवाज ऐकून राक्षस थबकला. मांडी घालून बसला, डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

केरोबाने पाहिले. त्याच्या डोळ्यांना लाल दिसेना, काळे दिसेना. उरले होते एक रुंद कपाळ, जरासे वाकडे नाक, हनुवटीवरची खळी. हा धाराजी! त्याने तेल लावले आणि हलक्या हाताने पुसू लागला. राजा शिखरावर पोचला तेव्हा तिथे एक म्हातारा नट बसला होता. रंग उतरला होता. राजाने धनुष्ये खाली ठेववली.

धाराजीने डोळे उघडले. "खेळ संपला का रे?"

"संपला."

"मी बसून राहिलो होतो. तू म्हणालास, आलोच."

केरोबाने त्याच्या केसांवरून हात फिरवला. धाराजीचे केस पांढरे झाले होते. काळे केस आणि तरणेपण डोंगरातच गेले, आणि ते परत आणायला कुठलेच तेल नव्हते.

बाजार भरला, नाटकघराचे कुलूप निघाले. राजाने स्वतःच्या सुरकुत्यांसह पहिला खेळ पाहिला. साधा, बिनजादूचा रंग लावायला नवी माणसे तयार झाली, आणि केरोबाने आपल्या विद्येपैकी उतरवण्याचा नेम तेवढा स्वतःकडे ठेवला. आता रंग कोणीही लावो, पुसायला तोच बसे, आणि शेवटचा चेहरा स्वच्छ झाल्याशिवाय उठत नसे.

सगळे गेले की धाराजी येई. तो पुन्हा कधी रंगमंचावर चढला नाही, त्याच्या तोंडाला रंगाचा ठिपकाही नसे. तरी तो समोर मांडी घालून बसे, डोळे मिटून हनुवटी वर करी. केरोबा दिव्यात तेल घाली, मऊ फडके घेई आणि तो कोरा चेहरा हळूहळू पुसत राही.