हैबती फोटोवाला आणि करंजखोऱ्याचा सडा

करंजखोरे गावात एक भोळा फोटोवाला होता. नाव हैबती ढाणे. वय चाळीस, मिशा झुपकेदार. सांगितलेलं काम तो सांगितल्याबरहुकूम करायचा. त्याचा दोष म्हणाल तर एवढाच.

गावात जंगम अण्णांचा फोटो स्टुडिओ होता. अण्णांचे गुडघे गेले तेव्हापासून बाहेरची कामं हैबतीकडे आली. अण्णा एकेक धडा द्यायचे आणि हैबती प्रत्येक धड्याला उपरण्याला एक गाठ मारायचा. "मी सांगेन त्याची खूणगाठ बांध," असं अण्णाच पहिल्या दिवशी म्हणाले होते.

गावाच्या वर सडा आहे. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं, खडकाळ पठार. तिथून खाली खोल दरी दिसते आणि पलीकडे डोंगरांच्या रांगांमागे रांगा. सरपंच इंदूताईंच्या मनात आलं, इथं पर्यटक आले पाहिजेत. पर्यटक यायचे तर आधी हमरस्त्याला बोर्ड पाहिजे आणि बोर्डावर सड्याचा फोटो पाहिजे.

अण्णांनी हैबतीला समोर बसवलं. "हे बघ, दरीत सावली असते आणि वर आभाळ लख्ख असतं. आपल्या डोळ्याला दोन्ही दिसतं, कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून एकाच जागेचे तीन फोटो काढायचे. एक अंधारा, एक बेताचा, एक उजळ. मग संगणकावर तिन्ही एकात एक मिसळायचे. दरी पण दिसते, आभाळ पण दिसतं."

हैबतीनं गाठ मारली. सड्यावर जाऊन तिपाईवर कॅमेरा ठेवला. अंधारा फोटो पहाटे काढला. बेताचा नऊ वाजता काढला. मग भाकरी खाल्ली, जरा पडला आणि उजळ फोटो भर दुपारी काढला. तिन्ही मिसळले. फोटोत एकेका झाडाला दोन बाजूंना दोन सावल्या होत्या आणि शेवंताकाकूंची एकच म्हैस तीन ठिकाणी चरत होती.

"अरे, अंधारा म्हणजे अंधारात काढलेला नव्हे," अण्णा म्हणाले. "कॅमेऱ्यात उजेड कमीजास्त घ्यायचा. आणि तिन्ही फोटो पाठोपाठ काढायचे. झटक्यात."

"झटक्यात," हैबती म्हणाला आणि त्यानं गाठ मारली.

त्याच आठवड्यात पोळांच्या घरचं लग्न होतं. नवरीनं हार उचलला तसे हैबतीनं तीन फोटो काढले, झटक्यात, आणि घरी येऊन ते एकात एक मिसळले. नवऱ्याला तीन तोंडं आली आणि नवरीला सहा हात. नवरदेवाच्या आईनं फोटो बराच वेळ पाहिला. "सहा हात असते तर घरातलं काम तरी वेळेवर उरकलं असतं," ती म्हणाली.

"माणसं हलतात रे," अण्णा म्हणाले. "माणसांचा एकच फोटो घ्यायचा. मग संगणकावर चेहऱ्यावरच्या सावल्या उचलायच्या, तोंड उजळ करायचं. लोकांना तेच हवं असतं."

हैबतीनं गाठ मारली.

पुढचं काम भैरोबाच्या देवळातलं होतं. यात्रेच्या पत्रिकेवर देवाचा फोटो छापायचा होता. आपला भैरोबा काळ्या पाषाणाचा. हैबतीनं एकच फोटो घेतला, सावल्या उचलल्या, तोंड उजळ केलं. भैरोबा केतकीसारखा गोरा झाला. गुरवानं पत्रिका उलटसुलट करून पाहिली.

"देव चांगला आहे," गुरव म्हणाला. "पण आपला नाही."

गावातल्या दोन बायांनी मात्र हैबतीला बाजूला घेऊन विचारलं, देवाला लावलंत तरी काय.

अण्णांनी डोकं धरलं. "हैबती, देव काळाच आहे. काळं ते काळंच ठेवायचं. सगळीकडे उजेड केला की फोटोत जीव राहत नाही."

हैबतीनं गाठ मारली.

मग इंदूताईंचा वाढदिवस आला. शुभेच्छांचा बोर्ड लावायचा होता. ताई उन्हात उभ्या राहिल्या, पदर कपाळावरून पुढे ओढलेला. तोंडावर सावली पडली. हैबतीनं ती तशीच ठेवली. चौकात बोर्ड लागला तेव्हा त्यावर पदराच्या आत गच्च काळोख होता आणि काळोखात एक नथ चमकत होती.

"हे कोण?" ताईंनी विचारलं.

"तुम्हीच, ताई. काळं ते काळंच ठेवलंय."

ताई स्टुडिओत गेल्या आणि पाव तास बोलल्या. त्या गेल्यावर अण्णांच्या अंगात समजावण्याइतकं त्राण उरलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "बोर्ड लांबून बघायचा असतो. बोर्डावर सगळं ठसठशीत पाहिजे. रंग पुढे आले पाहिजेत."

हैबतीनं गाठ मारली. आता उपरण्यात गाठीच जास्त होत्या आणि उपरणं कमी.

शिमगा झाल्यावर सड्याचा फोटो पुन्हा काढायचं ठरलं. गवत वाळून पिवळं झालं होतं. या खेपेला हैबतीनं तिन्ही फोटो पाठोपाठ काढले, उजेड कमीजास्त घेतला, म्हैस चौकटीच्या बाहेर हाकलली. संगणकावर तिन्ही मिसळले आणि खुर्चीत तो जरा मागे रेलला. फोटो अगदी डोळ्याला दिसतो तसा आला होता. पिवळं गवत, दरीतली निळसर सावली, वरचे फिकट ढग. आपल्या हातून हे झालं, याचं त्याला फार बरं वाटलं.

मग त्याला आठवलं की हा फोटो बोर्डासाठी आहे.

संगणकावर रंग, उजेड, कडांची धार कमीजास्त करायच्या सरकत्या पट्ट्या असतात. हैबतीनं सगळ्या उजव्या टोकापर्यंत ओढल्या. त्याच्या पुढे त्या जात नव्हत्या, म्हणून थांबला.

इंदूताई फोटो बघून हरखल्या. "हे आपलं गाव होय? मग इतके दिवस कुणी दाखवलं का नाही?" त्यांनी वीस फुटी बोर्ड छापून हमरस्त्याच्या वळणावर ठोकला. पंधरा दिवसांत पर्यटन खात्याच्या साहेबांचा निरोप आला. बोर्ड पाहिला, सोमवारी जागा बघायला येतो. जागा पसंत पडली तर गावाला डांबरी रस्ता मिळणार होता. करंजखोऱ्यानं या रस्त्याची तीस वर्षं वाट पाहिली होती.

निरोप ऐकून अण्णा रिक्षा करून वळणावर गेले. हैबती सोबत होता. अण्णा बोर्डाकडे बघत राहिले. मग बोटानं एकेक दाखवू लागले.

"आभाळ जांभळं. गवत पोपटी. खडक शेंदरी. डोंगराच्या कडेला ट्यूबलाइट लावल्यासारखी पांढरी रेघ. हैबती, साहेब हे बघून येणार आणि वर पिवळा सडा बघणार. कशाचा कशाला मेळ नाही. रस्ता तर जाईलच, वर गावाला खोटारडं म्हणतील. सोमवारपर्यंत ही जागा आणि हा फोटो एकसारखे दिसले पाहिजेत. कसं करतोस ते तुझं तू बघ."

अण्णांचा आवाज इतका खाली गेलेला हैबतीनं कधी ऐकला नव्हता. गाठ मारायला उपरण्यात जागा नव्हती, म्हणून त्यानं सदऱ्याच्या टोकाला मारली. घरी जाऊन सगळी रात्र विचार केला. बोर्ड तर छापून झाला होता. छापलेलं काही बदलता येत नाही. मग राहिलं काय?

शुक्रवारी सकाळी त्यानं शाळेच्या रंगकामातले उरलेले डबे मागून घेतले. तीन दिवस तो घरी आला नाही. जेवणसुद्धा बायको सड्यावर पोचवत होती. तिनं एकदा विचारलं, हे काय चाललंय. अण्णांचं काम आहे म्हटल्यावर ती भाकरी ठेवून खाली उतरली.

सोमवारी साहेब आले. मागे इंदूताई हार घेऊन. त्यांच्या मागे दोघांच्या खांद्यावर हात टाकून अण्णा. सगळे शेवटचा चढ चढून वर आले आणि तिथंच थांबले.

सडा पोपटी होता. गवताची काडी न् काडी पोपटी होती. खडक शेंदरी होते. दरीच्या कडेनं, नजर जाईल तिथपर्यंत, चुन्याची पांढरी रेघ ओढलेली होती. शेवंताकाकूंची म्हैस मध्ये उभी होती, एका अंगानं पोपटी.

साहेबांनी मोबाइल काढला, त्यातला बोर्डाचा फोटो पाहिला, मग समोर पाहिलं, मग पुन्हा फोटो पाहिला.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

खडकामागून हैबती आला. हातात ब्रश, मिशा शेंदरी, तळहातांना फोड. त्यानं साहेबांना नमस्कार केला आणि मान खाली घालून अण्णांकडे वळला.

"अण्णा, खालचं सगळं जुळवलंय. जांभळा डबापण कालवून तयार आहे. पण आभाळ तेवढं राहिलं. शिडी आणलीय, पण टेकवायची कशाला?"