चंदन कुणाचं?

रायाजीराव सावकाराची एखाद्या जागेवर नजर बसली, की तिच्यावर त्याच्या कर्जाचा बोजा चढलाच म्हणून समजा. अनसाबाई कुंभारीण बापाच्या मोकळ्या जागेत भट्टी घालायला निघाली, तेव्हा त्यानं मामलेदारापुढे तिच्या मयत बापाच्या नावाचं गहाणखत ठेवलं.

"जागा बारा वर्षं माझ्या ताब्यात आहे," तो म्हणाला. "कुंपण माझं, कुलूप माझं. माझ्याशिवाय तिथं कुणी पाऊल टाकलेलं नाही."

"साहेब, एवढं लिहून त्यांची सही घ्या," अनसाबाई म्हणाली. रायाजीरावानं ऐटीत सही ठोकली.

"आता सांगते. चार वर्षांपूर्वी त्याच जागेत चोरीचं चंदन पुरलेलं सापडलं. फौजदार अजून चोर शोधतायत. आणि तिथं यांच्याशिवाय कुणी गेलंच नाही म्हणे."

रायाजीराव घाईघाईनं पुढे सरला. "माझा त्या जागेशी काही संबंध नाही, साहेब. तो कागद मी मागच्या महिन्यात बनवून घेतलाय."

मामलेदारानं तेही लिहून घेतलं, गहाणखत रद्द केलं आणि खोट्या कागदापायी त्याला फौजदाराच्या हवाली केलं. मग त्यानं विचारलं, "बाई, चंदन पुरलं तरी कुणी?"

"ते मला काय ठाऊक, साहेब? मला फक्त कागद कुणी बनवला ते विचारायचं होतं."