बासष्टचं अ‍ॅव्हरेज

“मग लिटरला बासष्ट पडतं तरी कुणाच्या गाडीला, चाचा?”

दस्तगीर चाचा कुणाच्या तरी चेनला तेल सोडत होते.

अंबाजोगाईत लातूर रस्त्यावर चाचांचं गॅरेज. वय सत्तरीपलीकडचं, पण गाडीचा आवाज ऐकून दुखणं ओळखणारा माणूस. विश्वंभर लोमटे ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायचा आणि दर रविवारी चाचांकडे गाडीकाम शिकायला यायचा. दोन वर्षांत हात चांगला बसला होता. आता आपल्याला सगळं कळतं, असं वाटण्याइतका.

“शोरूमवाला बासष्ट म्हणाला होता. मला एक्कावन्न पॉइंट चार पडतं. आठ टाक्या मोजल्यात मी.”

“आता काय म्हणतो शोरूमवाला?”

“आधी म्हणाला, तिसऱ्या सर्व्हिसिंगनंतर वाढेल. तिसरी झाली. मग म्हणाला, सर, जरा हळू चालवा. परवा म्हणाला, सर, तुम्ही फारच हळू चालवता.”

चाचा हसले. विश्वंभर नाही हसला.

“आणि तो संजीवन! तीच गाडी, तोच महिना. मित्रांच्या ग्रुपवर लिहितो, मला बासष्ट पडतं.”

“मग?”

“मी लिहिलं, सिद्ध करून दाखव, नाहीतर खोटारडा आहेस म्हणून कबूल कर. सगळ्यांसमोर.”

“मग?”

“मग काय... तो ग्रुपमधून निघून गेला.”

संजीवन थोरबोले त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांनी गाड्या एकाच दिवशी घेतल्या होत्या, एकाच हाराचे दोन तुकडे करून दोन्ही हँडलांना बांधले होते. त्या मेसेजला आता तीन महिने होत आले. तेव्हापासून बोलणं नाही.

“तुमच्या हाताने ट्यूनिंग करा,” विश्वंभर म्हणाला, “आणि आज माझ्याबरोबर चला. टाकी तोंडापर्यंत भरतो. रेणापूरला जाऊन परत. पंचेचाळीसच्या वर काटा नेणार नाही. खरा आकडा काय तो एकदाचा कळू दे.”

चाचांनी हात पुसले. गाडीचं जे काय पाहायचं ते पाहिलं, टायरमधली हवा तपासली, खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली आणि मागे बसले.

“चल.”

पंपावर टाकी तोंडापर्यंत भरून दोघं निघाले. एप्रिलचं ऊन होतं. विश्वंभर पाठ ताठ ठेवून चालवत होता. ब्रेक नाही, उगीच गिअर नाही.

रेणापूर आठ-दहा किलोमीटरवर असताना एक माणूस गाडी ढकलत येताना दिसला. शर्ट पाठीला चिकटलेला. मागून येणारा टेम्पो त्याच्यावर धूळ उडवून निघून गेला.

जवळ येताच त्या माणसाने मान वर केली. विश्वंभरला पाहिलं, आणि झटकन तोंड शेताकडे फिरवलं.

संजीवन होता.

विश्वंभरने वेग कमी केला नाही. शंभरेक पावलं पुढे गेल्यावर खांद्यावर हात पडला. जड, तेलकट हात.

गाडी वळली.

“काय झालं?” विश्वंभरने विचारलं. गाडीवरून उतरला नाही.

“काही नाही.”

“पेट्रोल संपलं?”

संजीवनने मान डोलावली.

“बासष्ट पडतं ना तुला?”

संजीवनने गाडी स्टँडला लावली. कपाळाचा घाम बाहीने पुसला.

“एकोणपन्नास पडतं,” तो म्हणाला. “ग्रुपवर सगळे साठ, पासष्ट लिहीत होते. माझीच गाडी डबडी कशी म्हणून सांगू? लिहिलं बासष्ट. मग तू सिद्ध कर म्हणालास...”

विश्वंभर या वाक्याची तीन महिने वाट पाहत होता. ते मिळाल्यावर काय करायचं, हे मात्र त्याने ठरवलं नव्हतं.

“फोन तरी करायचास कुणाला.”

“काढला होता नंबर.”

“कुणाचा?”

संजीवनने पुन्हा शेताकडे पाहिलं.

“तुझाच. तीनदा काढला... लावला नाही.”

विश्वंभर खाली उतरला.

चाचांनी तोवर पिशवीतून प्लास्टिकची नळी काढली होती. संजीवनची गाडी त्यांनी रस्त्याच्या कडेला उताराला लावली, विश्वंभरची तिच्यापेक्षा वर. दोन्ही टाक्यांची झाकणं उघडली.

“थांबा चाचा,” विश्वंभर घाईने म्हणाला. “माझ्याकडे लिटरची पाण्याची बाटली आहे. ती भरून देऊ. म्हणजे नेमकं किती गेलं ते कळेल, नंतर वजा करता येईल.”

चाचांनी बाटली घेतली. उघडली. आतलं पाणी संजीवनला प्यायला दिलं आणि रिकामी बाटली पिशवीत टाकली.

मग नळीचं एक टोक विश्वंभरच्या टाकीत सोडलं, आणि दुसरं विश्वंभरच्याच हातात दिलं.

“ओढ.”

“मी?”

“तुझीच टाकी आहे ना?”

विश्वंभरने नळी तोंडात धरली. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा जोराने ओढलं, तसं पेट्रोल थेट तोंडात. तो थुंकला, खोकला, डोळ्यांतून पाणी आलं. चाचांनी नळी पटकन पकडून संजीवनच्या टाकीत घातली.

संजीवन आधी घाबरला. पाण्याची बाटली द्यायला त्याने हात पुढे केला, ती हातात नाहीच हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याला हसू फुटलं.

“हसतोस काय, माकडा!” विश्वंभर थुंकत म्हणाला.

“सर, पोरांनी पाहायला पाहिजे होतं तुम्हाला.”

“तू मला सर म्हणू नको.”

“मग बोलायचं बंद कशाला केलंस?”

“मी बंद केलं? ग्रुप सोडून तू गेलास!”

“खोटारडा कोण म्हणालं?”

“होतासच ना!”

“होतो!”

दोघंही थांबले. मग विश्वंभरलाही हसू आवरेना. पेट्रोलचा ठसका आणि हसू, दोन्ही एकदमच आलं. संजीवन त्याच्या पाठीवर थोपटत राहिला, ठसका गेल्यानंतरही.

नळीतून पेट्रोल वाहत होतं. किती गेलं ते कुणी पाहिलं नाही. चाचांच्या मनाला आलं तेव्हा त्यांनी नळी काढली.

संजीवनची गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली.

विश्वंभरने आपल्या टाकीत डोकावून पाहिलं. गाडी थोडी हलवली, पुन्हा पाहिलं. मग झाकण लावलं.

“चाचा... आता माझ्या गाडीचा आकडा कसा निघायचा?”

चाचा मागच्या सीटवर बसले. विश्वंभरने किल्ली फिरवली, तसा त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“थांब. त्याला पुढे जाऊ दे. वाटेत थांबला तर आपण मागे असू.”