हॅलोआईची शिळा

चपला काढून इकडे या, मंडळी. तळ्याच्या काठावरची ही काळी शिळा पाहा, तळहाताएवढी आणि अगदी गुळगुळीत. फोटो काढा, पण हात लावू नका. हिला आम्ही हॅलोआई म्हणतो. हसा खुशाल, सगळेच हसतात.

असे सांगतात, की फार पूर्वी, झाडं माणसांशी बोलत तेव्हा, इथे सोमदत्त नावाचा मांत्रिक राहत असे. ढग खाली उतरवणं, नदी उलटी वाहवणं हा त्याच्या हातचा मळ. एका दुपारी तळ्यात घागर बुडवताना ही शिळा त्याच्या हाती लागली. ती उजळली आणि आतून बाईचा आवाज आला, "हॅलो, हॅलो, मी पांगरवाडीतून केतकी बोलतेय. धरण फुटलंय. पाणी उंबऱ्याला लागलंय, बाळ कडेवर आहे माझ्या. ऐकतंय का कुणी?"

हॅलो ही तिची कुलदेवी असावी, असं त्याला वाटलं. पण पांगरवाडी तर हीच, आणि इथे ना धरण होतं, ना केतकी नावाचं कुणी. ती अजून जन्मायची आहे, हे त्याला उमगलं म्हणे.

त्याने ओरडून ओ दिली. तिला ऐकू जाईना. मंत्र टाकून नदी उलटी फिरवली, तर त्याच्या काळातली नदी मागे सरली आणि तिच्या दारातलं पाणी चढतच राहिलं. गावाने शिळेला हळदकुंकू वाहिलं, हॅलोला नवस बोलला. तिसऱ्या प्रहरी आवाज खोल गेला आणि शिळा विझली ती कायमची. एवढा मोठा मांत्रिक, पण "आलो" एवढा एक शब्द त्याला तिच्यापर्यंत पोचवता आला नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

मग त्याने गावाला शपथ घातली, इथे केतकी नावाची बाई कधी असता कामा नये. तीच नसेल तर बुडेल कोण? दुसरं काही त्याच्या हातात उरलंच नव्हतं.

आजही आम्ही मुलीचं नाव केतकी ठेवत नाही. त्या नावाची सून आली, तर लग्नात ताटातल्या तांदळांवर दुसरं नाव लिहितो. माझ्या सुनेचं शर्वरी लिहिलं, मी समोर उभा राहून लिहून घेतलं. वरच्या खोऱ्यात धरण होऊन आता नऊ वर्षं झाली.

परवा मी ओसरीवर बसलो होतो. नातू सुनेच्या कडेवर होता, तिचा मोबाइल वाजला. ती आपली सवयीने म्हणाली, "हॅलो, मी पांगरवाडीतून केतकी बोलतेय."

मी तसाच उठून इथे आलो आणि या शिळेला ओ देऊन गेलो.