बुजवलेला खळगा

एकदा एका खेळाडूला आपल्याच हातांची भीती वाटू लागली.

तो आयर्लंडचा. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात जन्मलेला, आणि गोल्फ खेळून पोट भरणारा. फिंटन त्याचं नाव. आपल्याकडे गोट्या खेळताना जमिनीत गल पाडतात ना, तसा या खेळात हिरवळीवर एक वाटोळा खळगा असतो. लांबून काठीने मारत मारत चेंडू त्या खळग्यात घालायचा. असे अठरा खळगे. ज्याला सगळ्यांत कमी फटके लागले, तो जिंकला. ऐकायला सोपं, पण समुद्रावरचा वारा भल्याभल्यांचा चेंडू वाळूच्या टेकड्यांत नेऊन टाकतो.

त्या वाऱ्याची फिंटनला भीती नव्हती. त्याचा घात केला तो जवळच्या फटक्याने. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याच्याच गावच्या मैदानावर मोठी स्पर्धा भरली होती. शेवटच्या हिरवळीभोवती अख्खं गाव उभं, आणि चेंडू खळग्यापासून अवघ्या दोन हातांवर. एखाद्या लेकरानेही ढकलला असता. पण त्याचे हात थरथरले, आणि चेंडू खळग्याच्या काठावरून गिरकी घेऊन बाहेर आला. करंडक दुसऱ्याने नेला. त्याचंही एवढं नाही; पण त्या दिवसापासून जवळचा चेंडू दिसला की त्याचे हात थरथरू लागले. वर्ष संपता संपता मोठ्या स्पर्धा खेळणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव निघालं. आता परदेशात चार दिवसांची एक चाचणी व्हायची होती. तिच्यात पहिल्या पंचविसांत आला, तर यादीत परत. नाही तर शहरातल्या दुकानात उभं राहून दुसऱ्यांना काठ्या विकायच्या. बायकोला त्याने सांगूनच टाकलं होतं, "ही एकदा खेळतो. शेवटची."

चाचणीला तीन आठवडे उरले, तेव्हा तो गावच्या मैदानाची राखण करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेला. त्याच्या हातात पहिली काठी याच म्हाताऱ्याने दिली होती. म्हातारा शाळेत गेलेला नव्हता. पण गवतावरून हात फिरवून उद्याचा वारा सांगत असे.

"बाबा, मला फक्त जवळचे फटके शिकवा. दिवसाला हजार मारीन. हात सोलून निघाले तरी चालेल."

म्हाताऱ्याने त्याची काठ्यांची पिशवी उचलली, आपल्या खोपटात ठेवली आणि कुलूप लावलं. मग त्याच्या हातात धारदार काठाचं एक पोलादी नळकांडं दिलं. "उद्या पहाटे ये. खळगे बदलायचेत."

या खेळाची एक रीत आहे, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. खळगा रोज एकाच जागी ठेवत नाहीत. रोज पहाटे मैदानाचा राखणदार हिरवळीवर नवी जागा निवडतो. तिथे नळकांडं रोवून मातीसकट गवताचा एक गड्डा काढतो, आणि तोच गड्डा कालच्या खळग्यात बसवून पायाने दाबतो. झाला जुना खळगा बंद. खेळणारे येईतो सगळं आवरलेलं असतं.

फिंटन दुसऱ्या दिवशी पहाटे हजर झाला. पहिला गड्डा त्याने बसवला, तो बोटभर वर राहिला.

"काढ," म्हातारा म्हणाला. "वर राहिला तर गवत कापायचं यंत्र त्याला सोलून काढील."

दुसऱ्यांदा तो खोल गेला.

"काढ. खाली गेला तर तिथे कायमचा खड्डा. बोट फिरवलं तर सांधा कळता कामा नये."

एक दिवस झाला, चार झाले, आठ झाले. रोज अठरा खळगे पाडायचे, अठरा बुजवायचे, वर झारीने पाणी घालायचं. काठीला हात लावायचा नाही. टपालवाला सायकलवरून जाताना रोज ओरडे, "फिंटन, पाडतोच आहेस तर बादलीएवढा पाड रे! तुलाच बरं पडेल!" फिंटन दात-ओठ खाई, पण दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा हजर होई. माघार घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. मात्र बाराव्या दिवशी त्याने नळकांडं जमिनीवर आपटलं.

"बाबा, नऊ दिवस राहिलेत! मी खेळाडू आहे, मजूर नाही. तुम्ही मला शिकवताय की माझी थट्टा करताय?"

सावकाश चालत म्हातारा त्याला शेवटच्या हिरवळीवर घेऊन गेला.

"आदल्या वर्षी ज्यात चुकलास, तो खळगा दाखव."

फिंटनला शोधावं लागलं नाही. वर्षभर डोळे मिटले की तीच जागा त्याला दिसत होती. डाव्या उताराच्या पायथ्याशी जाऊन तो म्हणाला, "हा. इथे."

"नीट दाखव. कडा कुठे आहे?"

फिंटन गुडघ्यांवर बसला आणि बोटांनी गवत चाचपू लागला. बारा दिवसांत त्याची बोटं सांधे ओळखायला शिकली होती. कालचा सांधा, परवाचा सांधा ती डोळे मिटूनही सांगू शकत होती. पण इथे काही लागेना. तो हातभर पुढे सरकला, हातभर मागे आला. सगळीकडे सारखंच गवत, त्यावर सारखंच दव.

"सापडत नाही," तो हळूच म्हणाला.

"कसा सापडेल? स्पर्धा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मीच तो बुजवला. तू तेव्हा झोपला होतास."

"नव्हतो झोपलो, बाबा. टक्क जागा होतो."

"तेच तर." म्हातारा त्याच्याशेजारी गवतात बसला. "मी बुजवला, महिन्याभरात गवताने त्याला आपल्यात घेतलं. आणि तू जागा राहून तो रोज उकरत बसलास. पोरा, तुझ्या हातांत काही दोष नाही. तू चेंडू ढकलतोस आजच्या खळग्याकडे, आणि बघतोस त्या खळग्याकडे. जो जमिनीवर नाहीच, त्यात चेंडू जाईल कसा? आजच्यातून निघालेल्या गड्ड्यानेच कालचा बुजवायचा, तो उघडा ठेवून आजचा खेळता येत नाही. गड्डा एकच असतो."

फिंटन उठला, नळकांडं पुसलं, आणि उरलेल्या हिरवळींचे खळगे बदलून आला. तेव्हा म्हाताऱ्याने खोपटाचं कुलूप उघडलं.

चाचणीचे तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी चौथ्याच खळग्यापाशी दोन हातांवरचा चेंडू चुकला. तोच थरकाप, तीच गिरकी. बरोबर खेळणारा ओशाळून दुसरीकडे बघू लागला. फिंटनने चेंडू आत घातला, उचलून घेतला, आणि हिरवळीवरून उतरताना त्याच्या नकळत त्याचा पाय थांबला. सवयीने त्याने टाचेने गवत दाबलं आणि पुढे गेला. मग वारा सुटला. पुढचे चौदा खळगे तो एकेक करून खेळला. मागचा संपला, की पुढचा. शेवटच्या हिरवळीवर चेंडू पुन्हा दोन हातांवर येऊन थांबला. हा गेला तर पंचविसावा, चुकला तर दुकान. हात किंचित थरथरले. त्याने खळग्याकडे नीट पाहिलं. नवा होता. कुणीतरी आजच पहाटे उठून पाडला होता, कडा अजून तासल्यासारखी होती. त्याने चेंडू ढकलला, आणि खळग्यात बसवलेल्या वाटीत तो पडल्याचा टक्क असा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी गाडीची वेळ व्हायच्या आधी तो एकटाच त्या हिरवळीवर गेला. ज्या जागेने आपलं आयुष्य परत दिलं, ती एकदा डोळे भरून पाहावी, एवढंच मनात होतं. तिथे रबरी बूट घातलेली एक बाई वाकून काम करत होती. तिने आतली वाटी काढली होती, आणि तिच्या हातात गवताचा गड्डा होता.

"थांबा!" फिंटनच्या तोंडून निघून गेलं.

ती दचकली. "का हो? आत काही राहिलंय का तुमचं?"

फिंटनने त्या रिकाम्या खळग्यात पाहिलं. म्हाताऱ्याने त्याला चुकलेला खळगा बुजवायला शिकवलं होतं. साधलेल्याचं तो काही बोलला नव्हता. पण गड्डा एकच असतो.

"नाही," तो म्हणाला. "काही राहिलं नाही. मी दाबू का?"

"येतं तुम्हाला?"

"येतं."

त्याने गड्डा बसवला, टाचेने दाबला, वाकून सांध्यावरून बोट फिरवलं. वर नाही, खाली नाही. मग हात झटकत तो उठला.

"आजचा कुठे पाडलाय?" त्याने विचारलं.