बेडकाच्या बाजूचा काठ

फार पूर्वी एका माळावर उन्हाळ्यात एकच डोह उरत असे. तिथे आधी कोणत्या कळपाने पाणी प्यायचे, हे एडक्यांच्या टकरीवर ठरे. मागून येणाऱ्यांना गाळच मिळे. पंच तिघे असत, आणि एकमेकांचे बघून मत देऊ नये म्हणून त्यांनी तीन बाजूंना बसायचे, असा रिवाज होता.

त्या वर्षी तांबडा आणि कबरा हे दोन एडके सकाळीच भिडले. उन्हे चढली तरी कोणी हटेना. शेवटी म्हशीने तांबड्याला कौल दिला आणि कावळ्याने कबऱ्याला. उरला बेडूक. तो म्हणाला, "तांबडा."

कबऱ्याची कोकरे गाळ चाटत राहिली. संध्याकाळी कबरा बेडकाकडे गेला.

"बेडूकराव, माझी कोणती धडक कमी पडली?"

"ते मी कसं सांगू? उन्हात माझी कातडी सुकते, म्हणून मी लव्हाळ्यात बसलो होतो. तिथून काही दिसत नव्हतं."

"मग निकाल कशावरून दिलात?"

"माझ्या काठावर मेंढ्या ओरडत होत्या, 'शाब्बास रे तांबड्या!' इतक्या जणी उगाच कशाला ओरडतील?"

कबऱ्याने तो काठ नीट पाहून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात तेच दोघे भिडले. पंचही तेच होते. बेडूक बदलावा, असे कबऱ्याने सुचवले नाही. मात्र त्याच्या मेंढ्या पहाटेच येऊन बेडकाच्या काठावर बसल्या होत्या.

निकाल कबऱ्याच्या बाजूने लागला. तांबडा तक्रार घेऊन आला, तेव्हा कबऱ्याने पाण्यातून तोंड वर काढले आणि तो म्हणाला, "पंचांवर शंका घेऊ नये, तांबड्या."